हिरड्या सरकल्यात? आधी ब्रश धरायची मूठ बघा

जानेवारीतली पहाट, साडेपाच वाजलेले, टाकीतलं पाणी बर्फासारखं. मी चूळ भरली आणि वरच्या डाव्या सुळ्यातून डोळ्याखालपर्यंत अशी सणक गेली की तांब्या हातातून सुटला. आवाजाने सासूबाई जाग्या झाल्या. "दात किडला असेल," एवढं म्हणून त्या कुशीवर वळल्या.

दात किडला नव्हता. उजाडल्यावर खिडकीशी आरसा घेऊन ओठ वर केला, तर सुळा शेजारच्या दातांपेक्षा लांब दिसत होता आणि त्याला दोन रंग होते. मी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवते आहे. मला रंग आधी दिसतात, बाकीचं नंतर. खाली नेहमीचा पांढरा, आणि वर हिरडीलगत, यलो ऑकरमध्ये थोडा पांढरा कालवला की येतो तसा मातकट पट्टा. दोन रंगांच्या सीमेवर नख फिरवलं तर खाच लागली.

तो पट्टा म्हणजे दाताचं मूळ, जे हिरडीखाली झाकलेलं असायला हवं. दाताच्या दिसणाऱ्या भागावर इनॅमलचं कठीण कवच असतं. मुळावर ते नसतं. तिथे सिमेंटम नावाचा अगदी पातळ थर असतो. तो घासून सहज निघून जातो आणि आतलं डेंटिन उघडं पडतं. डेंटिनमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. गार किंवा गोड काही लागलं की तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला कळ जाते. तांब्या पडला तो एवढ्यामुळे.

पुढचं वाचायच्या आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे उगाच आशा लागायला नको. सरकलेली हिरडी आपली आपण परत येत नाही. तेलाच्या गुळण्या करा, हळद लावा, कोरफडीचा गर चोळा, ती वाढत नाही. कोमट मिठाच्या पाण्याने सुजलेल्या हिरडीला आराम पडतो हे खरं, पण खडे मीठ आणि मोहरीचं तेल बोटाने खसाखसा चोळणं म्हणजे पॉलिश पेपरच. हिरडी आहे तिथे थांबवता येते, आणि काही जागी शस्त्रक्रिया करून मूळ झाकता येतं. पण कारण शोधल्याशिवाय यातलं काहीही केलं तर पैसे पाण्यात. आमच्या घरी तीन तोंडांत तीन वेगळी कारणं निघाली, म्हणून तिन्ही सांगते.

माझं कारण: स्वच्छतेचा अतिरेक

नेहमीच्या डेंटिस्टांनी मला हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात त्यांना, बी.डी.एस. झाल्यावर याच विषयात तीन वर्षांचं एम.डी.एस. केलेलं असतं. केबिनमध्ये शिरले तर डॉक्टरच्या खुर्चीतली मुलगी उठून उभी राहिली. "बाई, मी तुमच्याकडे एलिमेंटरीला होते." पुण्यात तीस वर्षं मास्तरकी केली की हे कुठेही होतं, आरटीओतसुद्धा.

तिने मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत अलगद घातली आणि दाताभोवती सहा ठिकाणी मोजमाप घेतलं. ही फट १ ते ३ मिलिमीटर असली तर ठीक. ४ किंवा त्याहून जास्त असली तर तिथे आजाराचा खिसा तयार झालाय असं समजतात. माझी सगळीकडे दोनच्या आसपास. रक्ताचा थेंब नाही, कीटण नाही. हिरडी मात्र सुळ्यावर तीन मिलिमीटर आणि शेजारच्या उपदाढेवर दोन मिलिमीटर वर गेलेली.

"उजव्या हाताने घासता ना? आणि सुरुवात डावीकडून?" तिने विचारलं. दोन्ही बरोबर. "तुमच्या हिरड्या स्वच्छ आहेत बाई, जरा जास्तच. तुम्हीच सांगायचात ना आम्हाला, ब्रश दाबू नका, केस पसरतात, टोकाने काम करा?"

आता यावर काय बोलणार? आमच्या माहेरी घासणं हा संस्कार होता. तांब्याचा बंब चिंचेने, पाट नारळाच्या काथ्याने, दात कडक ब्रशने, आणि आवाज आला नाही तर आई बाहेरून विचारायची, "झोपलीस का?" चाळीस-पंचेचाळीस वर्षं आडवं, करवतीसारखं घासलं. त्यात माझी हिरडी मुळातच पातळ. सुळ्याचं मूळ जबड्यातून बाहेर फुगलेलं असतं, ओठावरून बोट फिरवलं तर तो उंचवटा हाताला लागतो. तिथे मुळावरचं हाडही पातळ असतं. अशा जागी हिरडी आधी हार मानते. ज्यांचे दात रांगेबाहेर आहेत किंवा तारा लावून बाहेर ढकलले गेलेत, त्यांचंही असंच होऊ शकतं. माझ्या भाचीचं एका खालच्या दाताशी झालंय, कॉलेजात असतानाच.

घरी येऊन मी एक उद्योग केला, तो तुम्हीही करा. ओट्यावरचा डिजिटल वजनकाटा घेतला, ब्रश रोज धरते तसा मुठीत धरला आणि रोजच्या जोराने काट्यावर दाबला. ४२० ग्रॅम. ब्रशचा दाब साधारण १५० ते २०० ग्रॅम पुरे असतो. मग तोच ब्रश पेन्सिलसारखा, अंगठा आणि दोन बोटांत धरून दाबला. १७०. जोर लावायचा म्हटलं तरी २३०च्या वर जाईना, कारण त्या पकडीत खांदा कामालाच येत नाही. इतकी वर्षं मुलांच्या मुठीतून ब्रश सोडवून बोटांत देत आले आणि स्वतः सकाळ-संध्याकाळ मूठ वळत होते.

घासायचं कसं

ब्रश 'सॉफ्ट' किंवा 'एक्स्ट्रा सॉफ्ट'. 'मीडियम'सुद्धा नको. डोकं लहान असावं, म्हणजे शेवटच्या दाढेमागे वळतं. केस बाहेर पसरले की तीन महिन्यांची वाट न बघता फेकायचा. आणि ते महिन्यातच पसरत असतील तर तुमचा हात जड आहे, दुकानदाराशी भांडू नका.

पद्धत जुनी आहे. चार्ल्स बास नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ती गेल्या शतकाच्या मध्यात मांडली. ते दातांचे नव्हे, अंगाचे डॉक्टर होते. ब्रशचे केस अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर टेकवायचे, हिरडीकडे ४५ अंशांनी तिरके. म्हणजे वरच्या दातांना केस वर बघणारे, खालच्यांना खाली बघणारे. मग जागेवरच, दोन दातांपुरतं, थरथरल्यासारखं मागेपुढे हलवायचं. केसांची टोकं हिरडीच्या कडेखाली किंचित शिरतात, तिथला चिकट थर मोडतो. दहा-बारा वेळा झालं की मनगट वळवून ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे सरकवायचा आणि पुढच्या दोन दातांवर जायचं. उलट्या दिशेने, म्हणजे दाताकडून हिरडीवर, कधीही ओढायचा नाही.

पहिले चार दिवस पेस्टशिवाय, कोरड्या ब्रशने, आरशासमोर करा. पेस्टचा फेस झाला की काय चाललंय ते दिसत नाही आणि हात जुन्या सवयीवर जातो. माझा तर आठवडाभर जायचा. सुरुवात रोजच्या जागेवरून करू नका. जिथून सुरू करतो तिथे जोर आणि पेस्ट दोन्ही जास्त असतात, म्हणून मी आता खालच्या दाढांच्या आतल्या बाजूने सुरू करते, जिथे आयुष्यात कधी नीट घासलं नव्हतं. सुळा शेवटी येतो, तोवर हात दमलेला असतो. एकूण दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीचं चुकवायचं नाही.

दातांमध्ये फटी पडल्या असतील तर बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू दिसावं असे बारीक ब्रश मिळतात, फटीच्या मापाचे. जो किंचित घट्ट जातो पण रेटावा लागत नाही तो आपला. फटी नसतील तर दोरा, म्हणजे फ्लॉस. तो दातांमधून 'टक्' करून खाली आपटू नका, हिरडी कापते. करवतीसारखा हळूच आत न्या आणि दाताला मिठी मारल्यासारखा वर-खाली करा.

दात चमकवणारी पावडर, कोळशाचं मंजन, राखुंडी हे सगळं बंद. मूळ उघडं असेल तर हे खरखरीत पदार्थ खाच खोल करतात. आणि आंबट खाल्ल्यावर लगेच घासायचं नाही. सोलकढी, लिंबू सरबत, चिंचगुळाची आमटी यांनी दाताचा पृष्ठभाग थोडा वेळ मऊ पडतो, मुळाचा तर इनॅमलपेक्षा लवकर. साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास थांबा.

नवऱ्याचं कारण: ज्याला आपण पायरिया म्हणतो

माझं बघून नवऱ्यालाही खुर्चीत बसवलं. त्याच्या बेसिनमध्ये गुलाबी फेस गेली सात-आठ वर्षं दिसत होता आणि तो म्हणायचा, "उष्णता आहे." घासताना हिरडीतून रक्त येणं हे उष्णतेचं लक्षण नाही, सुजेचं आहे. दातावर रोज मऊ चिकट थर बसतो. तो काही दिवस तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा होतो, त्यालाच कीटण म्हणतात, आणि मग तो कुठल्याही ब्रशने निघत नाही. हिरडी त्याच्यापासून सुटत जाते, खिसा खोल होतो, आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि हाडामागे हिरडीही उतरते. त्याचे खिसे दाढांपाशी ५ आणि ६ मिलिमीटर निघाले. एक्स-रेत हाडाची रेघ जिथे हवी त्याच्या बरीच खाली होती. दुखलं मात्र एकदाही नव्हतं.

त्याला त्यातच मधुमेह. या दोघांची जोडी वाईट असते: साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात यायला त्रास होतो. त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांनी डोळे आणि पाय तपासतो तशा हिरड्याही तपासून घ्याव्यात.

त्याला भूल देऊन, दोन बैठकांत, हिरडीखालपर्यंत मुळं साफ केली. आणि इथे तो प्रसंग आला जो पुण्यात प्रत्येक घरात एकदा तरी येतो. तीन आठवड्यांनी नवरा आरशात बघून ओरडला, "अगं, बघ काय करून ठेवलंय! दात साफ केले आणि फटी पडल्या. तरी मी म्हणत होतो!"

फटी साफ केल्याने पडत नाहीत. सुजलेली हिरडी फुगून वर आलेली असते आणि फटीत कीटणाचा, पुट्टी भरल्यासारखा थर असतो. सूज ओसरली आणि थर निघाला की हिरडीची खरी पातळी दिसते. म्हणजे हिरडी आधीच गेलेली होती, फक्त झाकलेली होती. काही दिवस दात शिवशिवतात, थोडे हलल्यासारखेही वाटतात, मग हिरडी घट्ट धरते. या भीतीने लोक क्लीनिंग टाळतात आणि पाच वर्षांनी हातात दात घेऊन येतात. दोन महिन्यांनी परत मोजलं तेव्हा त्याचे बहुतेक खिसे ३-४ वर आले होते. एका दाढेचा आला नाही, तिथे अजून लक्ष आहे. त्याला आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं असतं, मला सहा.

सासूबाईंचं कारण

मशेरी. पन्नास वर्षं, सकाळी एकदा आणि दुपारी चहानंतर एकदा. खालच्या पुढच्या दातांची हिरडी जिथे बोट फिरतं नेमकी तिथेच गेलेली, अर्धं मूळ उघडं. त्या म्हणतात, "माझे दात अजून आहेत बघ, तुमच्यासारखी थेरं न करता." मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, दात साफ करायचं ते औषध नव्हे. तंबाखू कुठल्याही रूपात घेतलात तर हिरडी भरून यायची ताकद कमी होते. विडी-सिगारेटवाल्यांच्या हिरडीतून तर रक्तही कमी येतं, त्यामुळे आजार आत वाढतो आणि बाहेर सगळं आलबेल दिसतं. तंबाखू चालू असताना हिरडीची शस्त्रक्रिया करून घेण्यात फारसा अर्थ नाही. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरलेलं तोंड आलं, तर हिरड्या बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा. कॅन्सरची शंका आधी मिटवायची असते.

सासूबाई दोन वेळांवरून एका वेळेवर आल्या आहेत. त्यासाठी सात महिने लागले.

मग उपचार

कळ येते म्हणून सगळ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. पहिली पायरी सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट. तिच्यातलं पोटॅशियम नायट्रेट नसेला हळूहळू शांत करतं. काही पेस्टमधले घटक त्या बारीक नळ्यांची तोंडं बुजवतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, दोन ते चार आठवडे रोज लागतात. रात्री घासून झाल्यावर मटाराएवढी पेस्ट बोटाने दुखऱ्या जागी लावून ठेवायची. थुंकायचं, पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही. आपल्याकडे हे कुणालाच पटत नाही. त्याने भागलं नाही तर डॉक्टर फ्लोराइडचं वार्निश लावतात. खाच खोल असेल तर दाताच्या रंगाचं फिलिंग भरतात. कळ थांबते, पण हिरडी जिथल्या तिथेच राहते.

हिरडी सरकत राहिली असेल, कळ थांबत नसेल किंवा हसताना दात लांब दिसल्याचं मनाला लागत असेल, तेव्हा ग्राफ्टचा, म्हणजे टाळूतून पातळ पट्टी काढून उघड्या मुळावर शिवण्याचा विचार. सगळ्यांचं मूळ पूर्ण झाकलं जात नाही, आणि हे आधी विचारून घ्या. प्रेस्टन मिलर या अमेरिकन हिरडीतज्ज्ञांनी १९८५ मध्ये सरकलेल्या हिरड्यांचे चार वर्ग केले: दातांच्या मधलं हाड आणि हिरडी शाबूत असेल तर पूर्ण झाकण्याची आशा, ते काही प्रमाणात गेलं असेल तर अर्धवट, फारच गेलं असेल तर नाही. माझं मधलं हाड जागेवर होतं. नवऱ्याचं नव्हतं, म्हणून त्याला कुणी ग्राफ्ट सुचवलाच नाही.

माझा ग्राफ्ट दिवाळीच्या सुट्टीत झाला. आधी नऊ महिने पेन्सिलची पकड पक्की करून घेतली, कारण जुन्या मुठीने नवी हिरडीही गेली असती. जागेवरची भूल देऊन टाळूच्या आतून एक पातळ पट्टी काढली, सुळ्याच्या उघड्या मुळावर ठेवली आणि वरची हिरडी सैल करून तिच्यावर ओढून शिवली. दीड तास. दात दुखला नाही, टाळू दुखली, गरम वरणाने तोंड भाजल्यावर दुखते तशी, आठवडाभर. चकल्या समोर डब्यात आणि मी गार मऊ भात, ताक, केळं यावर. टोकदार, गरम, तिखट काही नाही. ओठ वर करून टाके बघायचा मोह आवरायचा, कारण त्या ओढीने ग्राफ्ट सरकतो. हे डॉक्टरांना मला दोनदा रागावून सांगावं लागलं. त्या जागी दोन आठवडे ब्रश नाही, त्याऐवजी क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश. त्याने चहा बेचव लागतो आणि दातांवर तपकिरी डाग पडतात. डाग नंतर साफ करता येतात, पण म्हणूनच ते माउथवॉश आवडलं तरी महिनोन्महिने वापरायचं नसतं. चौदाव्या दिवशी टाके काढले. सहा महिन्यांनी तीनपैकी अडीच मिलिमीटर झाकलेलं आहे. उरलेला अर्धा मिलिमीटर फक्त मला दिसतो, कारण मला तो रंग माहीत आहे.

खर्च आधी कागदावर लिहून घ्या, दाताप्रमाणे की बैठकीप्रमाणे ते विचारून. खासगीत परवडत नसेल तर धनकवडीत भारती विद्यापीठाचं, आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील, अशी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, फेऱ्या जास्त होतात, सकाळीच नंबर लावा आणि सोबत वाचायला काहीतरी न्या.

घरी एक काम मात्र चालू ठेवायचं. दर महिन्याच्या १ तारखेला, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, ओठ बोटाने बाजूला करून मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे. दिव्याच्या उजेडात नको, पिवळा रंग फसवतो. रोज आरशात बघून मिलिमीटर कळत नाही, फोटो शेजारी ठेवले की कळतं. काल मी ग्राफ्टनंतरचा एक जुना आणि या महिन्याचा फोटो जोडून पाहिला. सुळ्याची रेघ तिथेच आहे. उजव्या उपदाढेवर मात्र एक बारीक पिवळी किनार दिसतेय असं वाटतं, म्हणून गुरुवारची वेळ घेतली आहे.